रोल दुसरा

मणदूरच्या फाटकावर वहीत नाव लिहिलं,
माणसं दोन, आणि सामानाच्या रकान्यात
'कॅमेरा, एक'.
रखवालदारानं तो हातात घेतला, मागं काच शोधली,
सापडली नाही.
फोटो दिसतो कुठं ह्यात?
म्हटलं, दिसत नाही. पंधरा दिवसांनी.
त्यानं शिक्का मारला, जरा जपूनच.

धाकलू झोरे पुढं. कोयता फाटकावर ठेवून घेतलेला,
त्यामुळं हातांना काम नाही,
मागं बांधून चाललेला, लग्नघरात फिरावं तसा.
माझ्या कॅमेऱ्याचा मीटर मेलेला, मिरजेच्या जुन्या बाजारात घेतला तेव्हापासून;
सुई कायम मधोमध,
कुणाचीच बाजू न घेणाऱ्या सरपंचासारखी.
उजेड अंदाजानं धरायचा.
धाकलूनं माझी चुळबुळ पाहिली, मग तळहात पुढं केला:
"सावलीला कड हाय का बघायची.
कड हाय तर ऊन हाय.
कड इस्कटली, की थांबायचं."

झोळंबीचा सडा. काळातांबडा जांभा, नजर जाईल तिथवर,
वर वीतभर गवत, भाजल्या पापडाच्या रंगाचं.
गवे अकरा.
एक गाय माझ्याकडं बघताना रवंथ विसरलेली.
धनेश गेला डोक्यावरून,
कुणी सोलापुरी चादर झटकावी तसा आवाज.
दर वेळी अर्धा श्वास सोडून, मग बोट.
चौतीस. पस्तीस. छत्तीस.
सदतीस.
एकोणचाळीसला मनात पाल चुकचुकली.

जॅकेट डोक्यावर घेऊन झाकण उघडलं.
फिल्मची जीभ बाहेर लोंबत होती,
दात्यांत न अडकलेली,
सकाळपासून एक पाऊल न चाललेली.

धाकलूला सांगितलं. तो तंबाखू मळत राहिला.
"म्हंजे," म्हणाला,
"समदं तितंच ऱ्हायलं की."
मला धड रागही येईना.

दुसरा रोल भरला, गोल फिरणारी खुंटी
तीनदा बघून घेतली.
धाकलूच्या मापानं सूर्य डोंगरावर दोन बोटं.
परतीच्या वाटेवर, न सांगता, तो डावीकडं वळला.

जोतं. तिन्ही बाजूंनी करवंदी.
वरवंटा नसलेला पाटा, त्यावर बिबट्याची विष्ठा,
केसाळ, वाळून पांढरी.
"हितनं," म्हणाला, आणि आत गेला.
सावलीची कड केव्हाच गेली होती. थांबायला हवं होतं.
कोपर गुडघ्यावर टेकवलं,
सेकंदाचा पंधरावा भाग,
दाबलं.

सांगलीत न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल कोंबला.
गल्लीत कुणाची तरी हळद गिरणीत चालली होती,
फिक्सरच्या वासात ती मिसळली.
कपड्यांच्या चिमट्याला फिल्म लटकवली:
आभाळ काळं, करवंदी पांढऱ्या, गवे चुन्याचे.
पाचवी चौकट.
जोत्याचा दगड न् दगड मोजून घ्यावा असा,
पाय स्वच्छ, मागं बांधलेले हात स्वच्छ,
मानेच्या वर नुसता धूर.
हलला, म्हणून कात्री उचलली होती.
मग भिंग लावलं.

डोकं हललं नव्हतं.
खाली गेलं होतं.
जिथं काहीच नाही
त्याच्याखालून तो वाकून आत गेला होता.

वसाहतीत प्रिंट घेऊन गेले. स्लॅबचं घर,
सातफुटी दार, निळा ऑइलपेंट.
धाकलूनं तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला,
काही बोलला नाही.
ठकूबाई पिठाच्या हातांनी, लांबूनच:
"हितं बी वाकत्यात.
एवढ्या उच्च्या दारात. पोरं हसत्यात."

फोटो कुठं लावायचा ह्यावरनं दोघांचं जरा वाजलं.
शेवटी पिठाच्या डब्यामागं ठेवला,
उन्हानं उडू नये म्हणून.